गाठ

रोहित पक्षी बघायला कॅमेरेवाले येतात
ते पलीकडच्या अंगाला.
मी हिप्परग्याच्या ह्या बाजूला,
गाळातून वर आलेल्या विहिरीच्या काठड्यावर बसतो.
उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की ती दिसते,
तलावाच्या पोटातली विहीर.

रोहितांचं मला काही नाही.
लांबून ते वाळत घातलेले टॉवेल वाटतात,
फिक्कट गुलाबी, सेकंडचा माल.

माझं सामान साधं. तंगूस, शिशाचा मणी,
तरंगायला मोरपिसाचा देठ.
कणकेत गूळ आणि हिंग.
'माशालाबी फोडणी लागते बे युनूस,'
अशन्ना म्हणायचा.

पहिल्या तासात तीन चिलापी.
त्यातली एक पाणदिवडानं नेली,
पिशवीच्या तोंडातून, माझ्या डोळ्यांदेखत,
आणि मान वर करून असा गेला
जशी काही पावती फाडून घेतली.

मी काही बोललो नाही.
बावीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढली की
पाण्यावर कान हळूहळू उघडतात.
आधी टिटवी. मग लांबचा ट्रक.
मग पाणकावळ्याच्या पंखांवरून निथळणारं पाणी,
आणि सगळ्यात शेवटी
खालून येणारी बुडबुड,
जिचा मालक कधी दिसला नव्हता.

देठ बुडाला नाही. आडवा झाला
आणि सावकाश निघाला,
म्हातारा पेन्शनला निघतो तसा.
मासा असा चालत नाही.
मी ओढत गेलो, ते येत गेलं.
आधी नाक दिसलं, दोन भोकांची बारीक नळी,
मग पाठ,
परातीएवढी, मऊ, भिजल्या चामड्यासारखी.
कासव.
आणि संतापलेलं. मान एवढी लांब काढली
की आत अजून किती आहे कळेना.

शर्ट काढून त्याच्या डोळ्यांवर टाकला.
हेही अशन्नाचंच:
अंधार झाला की राग निम्मा होतो.

माझा गळ ओठाच्या कडेला होता, पकडीनं सुटला.
त्याच्यामागं दुसरा होता.
गंजलेला, कातडी चढलेला,
आणि त्याला बोटभर सूत, पॉलिस्टरचं, हिरवं,
चादरीच्या काठाचं हिरवं.
सुताला गाठ. तुटला ताणा सांधायची,
चपटी, फणीतून न अडकता जाणारी.
पण उलटी. डाव्या हाताची.

सोलापुरात डावखुरे विणकर असतील पुष्कळ.
'कांडीवर उरतंच की, तंगुसाला पैसे कशाला'
असं म्हणत सुतावर मासे धरणारा
मला एकच माहीत.
तो भिवंडीला गेला त्याला सात वर्षं झाली.
पहिल्या वर्षी फोन यायचा.
पाणी कुठपर्यंत आलंय?
मी सांगायचो, विहीर बुडाली.
किंवा, विहीर दिसतेय.
तेवढंच बोलणं. मग नंबर बदलला,
त्याचा का माझा, आता आठवत नाही.

आणि हे जनावर सात वर्षं
त्याचं काम तोंडात धरून
तळाशी हिंडत होतं.

कट. पकडीचा आवाज झाला.
शर्टाखाली त्यानं दम घेतला, मीही घेतला.
शर्ट उचलला तरी लगेच गेलं नाही.
वळलं, माझी टाच हुंगली
(की चावायचा विचार केला; मी टाच काढून घेतली)
आणि गाळात शिरलं, मग पाण्यात.
पाणी थोडा वेळ गढूळ राहिलं.

घरी बायको म्हणाली, दोनच? एवढा वेळ?
कुणाची गाठ पडली?
म्हटलं, एक सापानं नेली.

दुसऱ्या दिवशी मागावर ताणा तुटला.
सांधला, आणि मग बघितलं:
डाव्या हातानं.
सोडून पुन्हा बांधावी की काय वाटलं.
मुकादम बघत होता. राहू दिली.