शेकडा चार

पत्र पॅरिसहून आलं, जाड कागदाचं.
मी ते आधी बाजूला ठेवलं. जाड कागद
आमच्या घरी कधी चांगलं सांगत नाही.
रात्री भांडी विसळून झाल्यावर वाचलं:
आपले वडील कोरांतँ ल फ्लॉख यांचं चित्र,
'ओहोटी, बायका जाळी शिवताना',
अडतीस हजार युरोला पुन्हा विकलं गेलं.
वारस म्हणून आपला वाटा शेकडा चार.

'पुन्हा' हा शब्द मी दोनदा वाचला.
पहिल्यांदा ते विकलं नव्हतंच.
छप्पन सालच्या फेब्रुवारीत, दुआर्ननेच्या बंदरातले दोर
गोठून काठीसारखे ताठ झाले तेव्हा
बाबांनी ते खांद्यावरून केमेनेरच्या वखारीत नेलं
आणि कोळशाची अकरा पोती आणली.
केमेनेर म्हणाला, चित्रातलं मला कळत नाही,
पण भिंतीला ओल आलीय, झाकली जाईल.
बाबा एकाहत्तरला गेले.
ओल केमेनेरच्या नातवापर्यंत झाकलेली राहिली.

मी बत्तीस वर्षं मासळीच्या लिलावात वजनं लिहिली.
पाचला बोली, सहाला बर्फ, सातला ट्रक.
बांगडा धक्क्यावर एका भावाने, पॅरिसच्या हॉटेलात दहापट;
कुणी मागे वळून बोटीला काही पाठवलं नाही.
शेजारचा फांश तेच म्हणाला,
"मी पकडलेल्या माशाचे शेकडा चार
मला कोण देणार, सोआझिग?"
म्हटलं, तुझा मासा संध्याकाळी वास मारतो.
बाबांचा समुद्र ते मेल्यावर महाग झाला.
फांश जरा वेळ गप्प. मग म्हणाला,
"पण त्यातला निळा आमचा."

खरं होतं. दुकानातला निळा परवडत नव्हता;
फांशच्या बापाने बोट रंगवून उरलेला डबा दिला होता,
वर साय धरलेला.
मी पेन्सिल घेऊन बसले. आले होते पंधराशे वीस;
त्यांचे शेकडा चार, साठ युरो ऐंशी सेंट,
पाकिटात घालून त्याच्या दाराखालून सरकवले.
दुसऱ्या दिवशी पायरीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
बांगडे. मोजून चार.

यंदा पत्र नाही. वकिलाच्या मुलीने फोनमध्ये दाखवलं:
चित्र जिनिव्हात विकलं, एक लाख दहा हजारांना.
तिथे हा कायदा नाही, म्हणून तर तिथे नेलं, ती म्हणाली.
दलालाचा वाटा कुठल्याच सीमेवर अडत नाही,
अडतो तो आमचा चार.
आता ते कुणाच्या भिंतीवरही नाही.
पेटीत आहे, करमुक्त वखारीत,
अंधारात, ठरवून दिलेल्या गारव्यात.
वखारीतून निघालं, वखारीत पोचलं.
बायका अजून जाळी शिवतायत, बोटीच्या रंगातल्या पाण्याकाठी,
आणि ती बोट तर कधीच फोडून सरपणाला गेली.

यादीत चित्राची मागची बाजूही छापली होती.
'पाठीवर पेन्सिलीने आकडेमोड. हस्ताक्षर अज्ञात.'
अज्ञात कसलं! मी आठ वर्षांची होते.
बाबा कोट चढवत होते, चित्र दाराला टेकवलेलं,
आणि मी त्याच्या पाठीवर मांडत होते
पाववाल्याचे, घरभाड्याचे, आईच्या औषधाचे.

बोटांनी ताणून मोठं करून पाहिलं.
बेरीज चुकली आहे.
हातचा एक घ्यायचा राहिला.