झुल्मिराचं मीठ

आल्याआल्या तिने विचारलं, काय काय बघायचंय?
मी यादी काढली. दीपगृह. किल्ला. गुहांकडे जाणारी बोट.
झुल्मिराने चष्मा न लावताच ती वाचली
आणि मेजावरच्या बरणीखाली सरकवून दिली.
उद्या सहाला ओहोटी, म्हणाली.
चपला नकोत. मीठ मी घेते.

कुलात्राच्या चिखलात पोटऱ्या बुडाल्या.
ती वाकून चालत होती, हरवलेली सुई शोधावी तशी.
मग थांबली. कुलुपाच्या भोकाएवढी एक खूण.
चिमूटभर मीठ.
काहीच नाही.
काहीच नाही.
आणि सुरीच्या मुठीसारखी लांबट शिंपली
आपणहून वर आली,
भरती आली असं समजून.

धर, पण ओढू नकोस. तीच सोडेल.

पाच निसटल्या. सहावी हाती लागली.
"बाल्द!" ती ओरडली, मी बादली पुढे केली,
न विचारता.
दोघी जरा थबकलो.
कडीला दोघींचे हात, चिखल एकच.

दुपारी लसूण ठेचला, कोथिंबीर चिरली.
मुलगा फ्रान्सला रंगारी आहे, ऑगस्टात येतो,
आता त्याला या वासाने मळमळतं म्हणे.
एवढं सांगून तिने पाव मोडला
आणि रशात बराच वेळ बुडवून ठेवला.

दीपगृह राहिलंच.
म्हणजे, तेच यायचं रात्री,
भिंतीवरून फिरून जायचं,
तिच्या रिकाम्या दुसऱ्या खाटेवरूनही.

निघताना मी चावी दिली.
तिने मिठाची पुडी दिली,
माझ्याच यादीच्या कागदात बांधलेली.