कीबोर्डची भाषा

हाल्वार्डुर गेला तेव्हा लॅपटॉप बंद होता,
आणि बंदच राहिला.
चौदा महिने स्टेनवोर त्याच्यासमोर बसायची.
वहीत एक शब्द लिहायचा, टाकून पाहायचा, खोडायचा.
बोटीचं नाव. कुत्र्याचं.
लग्नाचं साल, आधी सुलटं, मग उलटं.
एक्केचाळीस खोडलेल्या ओळी.
आज सकाळी जिना चढून वर आली नि म्हणाली,
"क्सावेरी, पुसूनच टाक. निदान वीजबिल तरी भरता येईल."

मी माशांच्या कारखान्यातला माणूस.
लिनक्स शिकलो ते ग्दान्स्कमध्ये,
एका म्हाताऱ्या मशीनपायी,
जिला दुसरं काही झेपतच नव्हतं.

पेनड्राइव्ह लावला.
पहिला प्रश्न भाषेचा, दुसरा कीबोर्डचा.
"एक लक्षात ठेवा," मी म्हणालो,
"डिस्कचा पासवर्ड हे यंत्र अर्धवट झोपेतच विचारतं.
तेव्हा त्याला इंग्रजीपलीकडे काही कळत नाही, असं धरून चाला.
तुमचं ते पोट आलेल्या काठीसारखं अक्षर,
आणि तो मानेत आडवी रेघ घुसलेला द,
दोन्ही टाळा.
माझ्या आडनावातला काप दिलेला ल
मीही विमानतळावरच सोडून आलो."

तिने वही ओढली. बोट फिरवत मोजलं.
एकोणीस ओळींत ती अक्षरं होती.
"म्हणजे हे त्याने लिहिलंच नसेल."
"नसावं."
"किंवा मोडून लिहिलं असेल."

मी काही न बोलता पेनड्राइव्ह काढला.

त्याच्या आईचं नाव, काठीच्या जागी टी आणि एच.
नाही.
बोटीचं, रेघ काढून टाकलेलं.
नाही.
मी खिडकीशी गेलो.
पंचवीस जानेवारी. दोन महिने डोंगराआड असलेला सूर्य
ढगांनी मनावर घेतलं तर आज सोलगाटात डोकावणार.
खाली कुणीतरी आत्ताच पॅनकेक भाजायला घेतले होते.
मागे बॅकस्पेसची टकटक.
नाही. नाही.

एकोणीस संपल्या.
"बरोबर लिहिलेलं चुकलं,
चुकीचं लिहिलेलंही चुकलं.
लाव तुझं ते."

या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असं आलं पडद्यावर.
खाली दोन बटणं: मागे, पुढे.
"आत्ता यात काय आहे?" तिने विचारलं.
"त्याने काम नीट केलं असेल तर बाहेरून नुसता भुसा.
फोटो, पावत्या, रिकामी जागा, सगळं सारखंच दिसतं.
कुठे काही आहे नि कुठे काहीच नाही,
हे किल्लीवाचून कळत नाही."
"तो नीटच करायचा," ती म्हणाली,
आणि पुढे तिनेच दाबलं.

मग कुलपाची चौकट आली.
मी ती मोकळीच सोडून पुढे जात होतो.
"तिथे टिक कर."
मी तिच्याकडे पाहिलं.
"कर म्हणते ना. माझंही काही असू दे."

पासवर्ड दोनदा टाकावा लागतो.
मी दोन्ही वेळा पाठ फिरवली,
पण स्पेसबारचा आवाज लपत नाही.
शब्द सहा होते, इतकं मला नको असताना कळलं.

बासष्ट टक्क्यांवर ऊन आलं.
आधी पडद्याच्या कडेवर, मग तिच्या मनगटावर;
कीबोर्डच्या फटींत चौदा महिन्यांची धूळ दिसली,
आणि कुत्र्याचे दोन केस.
आम्ही कॉफी ओतायच्या आत ते निघूनही गेलं.

तिने वहीचं मागचं पान फाडलं, काही लिहिलं,
चार घड्या घालून पाकिटात सारलं.
"लिहून ठेवायचं नसतं," मी म्हणालो.
"हे तू मला सांगतोस?"

मी गप्प बसलो.

"तुझं आडनाव सांग. तो ल नीट कसा काढतात?"
मी टेबलावर बोटाने काढून दाखवला.
"पण मी एप्रिलमध्ये परत जाणार आहे."
"मग एप्रिलपर्यंत," ती म्हणाली,
आणि पाकिटावर माझं नाव घातलं,
कापासकट.