दोन मिनिटं

पंचायतीच्या हॉलात फोटो लावलाय
गोकुळदास मास्तरांचा, कोट घातलेला.
कोट त्यांचा नव्हे. डिचोलीच्या स्टुडिओतला तो,
खांद्यांत सैल.
माझ्या लग्नाच्या फोटोतही तोच आहे.

सरपंच म्हणाले, अपरिमित हानी.
निवृत्त भागशिक्षणाधिकारी म्हणाले, दीपस्तंभ.
मग माईक माझ्याकडे आला:
नार्वे फेरीचे खलाशी, मास्तरांचे विद्यार्थी,
दोन मिनिटं बोलतील.

माझ्या हातांना दोरखंडाची सवय.
"मास्तर चांगले होते," म्हणालो
आणि बसलो.

सांगायचं होतं ते हे:

देवळाच्या अग्रशाळेत शाळा भरायची,
एका खोलीत चार इयत्ता,
घंटा म्हणून बार्जच्या नांगराचा तुटका दांडा.
पाढे संपले की मास्तर आम्हांला बांधावर न्यायचे, मानशीकडे.
अष्टमीला पाणी कितव्या फळीला, अमावास्येला कितव्या,
आधी बोटांनी मोजा, मग पाटीवर मांडा.
खाजनात खारं पाणी शिरलं त्या साली
नव्या बांधाचं बिल घेऊन कंत्राटदार आला,
तर तिसरीतल्या सुलोचनेची पाटी त्याच्यापुढे धरली:
"ही मुलगी म्हणते, बारा मीटर कमी आहे."
बारा मीटर कमीच होतं.

रागीट होते. तेही सांगायचं होतं.
खडू फेकायचे, नेम चुकायचा नाही.
वसंत गावसाला एकदा उगाच मारलं
आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर
हात जोडून त्याची माफी मागितली.
वसंत रडला. मारलं तेव्हा रडला नव्हता.

आणि तो जून.
आई मला घेऊन उंबऱ्याबाहेर,
माझ्या डोक्याला तेल चपचपीत.
मास्तरांनी दाखलपुस्तक उघडलं.
नाव?
प्रेमानंद.
वडिलांचं नाव?
आई सभामंडपाच्या खांबाकडे बघत राहिली.
त्याच खांबापाशी आमच्या घरातल्या बायका
पालखीपुढे गात आल्या होत्या.
रकान्यात कोणाचं नाव यायला हवं
आणि का येणार नाही,
हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.
छापील "वडिलांचे"वर पट्टी लावून
एक रेघ मारली, सरळ,
वर लिहिलं "आईचे", शेजारी सही.
चंद्रावती.
शाई सुकेपर्यंत पुस्तक तिच्याकडे फिरवून ठेवलं.
तिला वाचता येत नव्हतं.
"हे तुमचं," बोट ठेवून म्हणाले.

त्या रेघेपायी बदली झाली,
सत्तरीत, तीन पावसाळे.
मघाशी भाषणात आलं:
सत्तरीतही त्यांनी सेवा बजावली.

परवा त्यांना बांबोळीहून आणलं.
शववाहिका पुलावरून सुखानं आली असती,
पण वहीत लिहून ठेवलेलं: दिवाडीवरून, फेरीने.
मीच फळी टाकली, मीच साखळी ओढली.
दिवाडीच्या धक्क्यावर बाझिल पदेर
सायकल आडवी टाकून उभा, टोपी हातात.
रात्रीच्या वर्गाला होता तोही,
उधारी कशी मांडायची ते शिकायला.
"मेस्त," म्हणाला, एवढंच,
आणि गाडीच्या मागोमाग फेरीत चढला.
पाव तसेच राहिले त्या दिवशी,
दोन वाड्यांनी चहा कोरडा प्याला.

हे दोन मिनिटांत बसलं नसतं.

आता सगळे मौनाला उभे.
पंख्यानं फोटोवरचा हार हलतोय,
कोणाच्या तरी खिशात फोन थरथरतो.
तेवढ्यात पलीकडून हॉर्न,
एकदा, थांबून पुन्हा एकदा.
कोणीतरी आहे तिथं धक्क्यावर,
फेरी या काठाला, आणि पाळी माझी.

खाली घातलेल्या मानांमधून
वाट काढत मी दाराशी आलो,
ढिगातून माझ्या चपला शोधल्या.
एक सापडली.
दुसरीसाठी थांबलो नाही.