नोंद : २.४ मिमी

परभणीच्या कृषी विद्यापीठात आमच्या वेळी
वळूचं नाव रजिस्ट्रार होतं.
लालकंधारी, रुंद कपाळाचा,
कुणाच्याच कागदावर सही करायचा नाही, म्हणून.
खरे रजिस्ट्रार गोठ्याकडं आले की गडी ओरडायचा,
"रजिस्ट्रारला पेंड टाकली का रे?"
आणि साहेब आभाळ बघत पुढं जायचे.

नव्या पोराला पहिल्याच रात्री सांगितलं जायचं :
प्लॉटातला हरभरा उपटून खाल्ला
तर स्टॅटिस्टिक्स निघत नाही.
माझं तिसऱ्या खेपेला निघालं.
हरभऱ्याचं मी नाकारत नाही.

हुरड्याला मात्र शाप नव्हता.
पौषातली थंडी, सी ब्लॉकच्या मागं
गोवऱ्यांची आगटी, लसणाची चटणी,
आणि अंधारात पाटी वाचायची नाही, हा नियम.
सकाळी कळलं, टी-सात होता.
तिन्ही रेप्लिकेशन.
त्या साली तो वाण
'उत्पादन असमाधानकारक' असा शेरा घेऊन बाद झाला.
इतका गोड दाणा मी पुन्हा खाल्ला नाही,
आणि आता खाणार कुठून,
बियाणंच उरलं नाही.

एवढं हसत सांगता येतं.
मे महिन्याचं तसं नाही.

माधव येरगीकर, मुदखेडचा, माझा रूम पार्टनर,
सुलोचना पांपटवारला म्हणाला, चहाला येतीस का?
ती हवामानशास्त्राची. सायकल न थांबवता म्हणाली,
"पाऊस पडला की."
तारीख नऊ मे. पारा चव्वेचाळीस.
चिमण्या नळाच्या तोटीला लोंबकळायलेल्या.

माधव रात्रभर वहीत काहीतरी भागाकार करत बसला.
पहाटे चहाचा ग्लास माठात बुडवला
आणि अनवाणी, काटेरी तारेखालून वाकून
वेधशाळेच्या कुंपणात.
मी टॉर्च धरलेला, विझवलेला.
पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात त्यानं पाणी ओतलं
तापलेल्या पोराला औषध पाजावं तसं.

साडेआठला गफूरमामू आले.
भांडं उचललं, आभाळाकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
मापात ओतून डोळ्यासमोर धरलं
आणि रजिस्टरात लिहिलं : २.४.
मी म्हणालो, मामू, ढग तर...
"भांड्यात आलं ते लिवायचं.
वरून आलं का बाजूनं,
ते आपल्या खात्याचं काम न्हाई."

दहाला फळ्यावर आलं.
सुलोचना फळ्यापुढं बराच वेळ उभी होती.
ओढणीनं मान पुसली, उन्हाकडं एकदा बघितलं
आणि कॅन्टीनकडं चालायला लागली.
एक चहा. पैसे तिनंच दिले.
पुढं काही झालं नाही.
झालं असलं तर मला माहीत नाही,
आणि मी त्याच खोलीत राहत होतो.

परवा परिसंवादाला गेलो.
ती आता डॉक्टर, चष्मा, कापलेले पांढरे केस.
पडद्यावर मेचा दुसरा आठवडा, सालोसाल,
आणि शून्यांच्या रांगेत एका ठिकाणी
बारीकसा एक खांब.
मागून एक पोरगं म्हणालं,
मॅडम, ही नोंद चुकीची वाटायली,
शेजारच्या एकाही केंद्रावर त्या दिवशी थेंब नाही.
लाल ठिपका त्या खांबावर टेकला, जरासा हलला.
"स्थानिक सर होती," ती म्हणाली.
"राहू द्या."
आणि पुढची स्लाइड.

माधवचं गंगाखेडला ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे.
रात्री फोन केला, सगळं सांगितलं.
पलीकडं गिऱ्हाईक, मोटारसायकली,
बराच वेळ नुसता रस्ता ऐकू येत राहिला.
मग म्हणाला,
"दोन पॉइंट चार?
मी तर तीनचा हिशोब करून ओतलं होतं.
बाकीचं कुठं गेलं?"

मे होता, मी म्हणालो.
उडालं असंल.