सहामाही अहवाल

रकाना चौथा : विद्यार्थ्याची प्रगती.
समाधानकारक / असमाधानकारक.
लागू नसेल ते खोडा.

जसोदा भोये, वनस्पतिशास्त्र,
विषय : सुरगाण्यातल्या नागलीचे स्थानिक वाण.
पहिलं प्रकरण तिनं दिलं तेव्हा
रविवारभर लाल पेन घेऊन बसलो.
गंगापूर रोडवरून एक वरात गेली, बँडवाले परतले,
माझं पान उलटेना.
एकाच पानावर अकरा वेळा लिहिलं : 'संदर्भ?'
त्यातल्या सात ठिकाणी संदर्भ तिची आई होती.

सोमवारी वही घेऊन "हो सर" म्हणाली
आणि अडीच महिने फिरकली नाही.

मला माझ्या सरांच्या दाराबाहेरचा बाक आठवला.
एक पाय आखूड होता त्याचा.
तीन वर्षं त्यावर तोल सांभाळत बसलो
आणि त्यालाच संशोधनाची शिस्त समजलो.
पुढे मलाही मान्यतेचं पत्र आलं, गोल शिक्क्याचं.
मार्गदर्शक कसं व्हायचं
ते मागच्या बाजूलाही लिहिलं नव्हतं.

फोन केला. मागे सुपाचा आवाज.
"सर, तुम्ही काढा म्हणालात ते सगळं काढलं.
उरलंय ते माझं वाटत नाही."
मी रेंज गेल्यासारखं केलं.

पौषात आली, सीबीएसवर उतरून थेट,
नाशिक सात अंशांवर, कानाला मफलर.
टेबलावर आठ पुरचुंड्या सोडल्या.
"यातली हळवी कोणती, सर?"
मी चुकलो. परत चुकलो.
ती हसली नाही, सांगूनही टाकलं नाही,
नुसती थांबली.
ते थांबणं मी बघून ठेवलं.

लाल पेन अजून ड्रॉवरमध्ये आहे.
परवा तक्त्यातली बेरीज चुकली होती, काढलं.
पण समासात आता पेन्सिलनं विचारतो :
आई हे कुठल्या शेताबद्दल म्हणाली? कोणत्या साली?
एक शुक्रवार सोडून बसतो आम्ही. घड्याळ पालथं.
कधी ती बराच वेळ बोलतच नाही,
चहावर साय धरते,
जिभेवर आलेलं उत्तर मी गिळतो
आणि धुकं नसेल तर खिडकीतून रामशेज बघतो.
सोपं नाही. पस्तीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतला.

रकाना चौथा.
मार्गदर्शकाला खाली फक्त सहीपुरती जागा.
फॉर्म उचलला तर घडीतून
नागलीचा एक दाणा घरंगळला.
हळवी असावी.
शुक्रवारी विचारतो.