दहावी दोरी

शिपामानीन बाजारात, सुक्या मासळीच्या रांगेमागं,
दर शनिवारी चारला आम्ही दहाजणी चटईवर बसतो.
आमची भिशी. मापुतोत तिला शितिक म्हणतात.
वही ठेवत नाही. वही नवरे वाचतात.
माझ्या कापुलानाच्या काठाला दहा दोऱ्या शिवल्यात,
जिनं पाचशे ठेवले तिच्या दोरीला गाठ.
दहा गाठी पडल्या की पातेलं उचलायचं
आणि जिची पाळी तिच्या मांडीवर.

पहिली पाळी घेणारी कर्जदार,
शेवटची घेणारी सावकार,
मधल्यांना धड कळत नाही
आपण देतोय की फेडतोय.

ओलिंदाच्या पाळीतून बर्फाची पेटी आली.
झुल्मिराचा लेक गाडी शिकला. गाडी अजून नाही.
तिसरी पाळी आंशाची.
तिनं पाच हजार मेटिकाल मोजले नाहीत,
नाकाशी धरले,
म्हणाली, सगळ्यांच्या हाताचा वास येतोय.

पुढच्या शनिवारी तिची जागा रिकामी.
कुणी म्हणालं जोहान्सबर्ग, कुणी म्हणालं गवंडी.
फेलिझ्मिना काहीच म्हणाली नाही.
स्वतःच्या पाचशेवर तिनं आणखी पाचशे ठेवले
इतके हळू
की मी दोन गाठी मारल्या
आणि दुसरी कुणाची ते विचारलं नाही.
असे सात शनिवार.
त्या सात आठवड्यांत तिच्या घरी तेल नव्हतं,
हे मला फार उशिरा कळलं,
तिच्या सुनेच्या तोंडून, तेही भांडणात.

नवी फेरी लागली. मग आणखी एक.
नऊजणीच. ती दोरी काप, नवी बाई घेऊ, असं ओलिंदा म्हणायची.
मी म्हणायचे, कात्री सापडत नाही.

आज सरहद्दीवरून येणाऱ्या बसचा क्लीनर
साबणाचं खोकं ठेवून गेला. चहालाही थांबला नाही.
आत रँडच्या पुड्या, एकेकीला रबर.
चिठ्ठी नाही.
फेलिझ्मिनापुढं मी मांडत गेले:
सात.
खोक्याच्या तळाशी अजून एक.

ही कशाची? तिनं विचारलं. ही माझी नाही.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
पलीकडं कुणीतरी मासळीवर पाणी मारत होतं.
मग झुल्मिरा म्हणाली,
आज शनिवार आहे ना.

मी दहावी दोरी चाचपली.
दोन वर्षांच्या मळानं ताठ झालेली,
गाठ पटकन बसेना.